रायपुरातील मराठी घर आणि जनगणनेची कोष्टके

रायपूर शहराची लोकसंख्या १९०१ साली बत्तीस हजारांच्या घरात होती. १९५१ मध्ये ती नव्वद हजारांच्या आसपास पोचली, २००१ मध्ये सहा लाखांच्या वर गेली आणि २०११ च्या जनगणनेत तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, जिल्ह्याचे आणि विभागाचे ठाणे असलेले हे शहर राजधानी झाले, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत शहराची हद्द व वस्ती दोन्ही फुगली. या शहरात मराठी बोलणारी माणसे भोसल्यांच्या काळापासून राहत आलेली आहेत. तात्यापारा नावाचा एक जुना मोहल्ला शहराच्या मध्यभागी आहे. त्या नावातील पहिला शब्द मराठी घरात वडीलधाऱ्यासाठी योजला जाणारा, तर दुसरा छत्तीसगढीतील वस्तीवाचक. अशा शहरात आज मराठी घरे किती आहेत, ती कशी आहेत आणि त्यांत किती माणसे राहतात, हा प्रश्न साधा वाटतो. घरेही मोजणारी आणि भाषाही मोजणारी भारतीय जनगणना मात्र त्याचे उत्तर देऊ शकत नाही. ते का देऊ शकत नाही हे समजून घेणे साहित्याच्या अभ्यासकालाही अगत्याचे आहे; कारण भाषिक वाङ्मयाच्या इतिहासात ‘अमुक भाषक इतके’ असे जे आकडे सहजपणे उद्धृत केले जातात, ते याच कोष्टकांतून उचललेले असतात.

जनगणनेचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा घरयादीचा. २०११ च्या जनगणनेसाठी तो २०१० साली पार पडला. त्या तक्त्यात पस्तीस रकाने होते. भिंत मातीची की विटांची, छप्पर गवताचे, कौलांचे, पत्र्याचे की काँक्रीटचे, जमीन कशाची, घर मालकीचे की भाड्याचे, खोल्या किती, विवाहित जोडपी किती, पाणी कोठून येते, दिवा कशाचा, शौचालय आहे की नाही, सांडपाणी कोठे जाते, स्वयंपाक कशावर होतो, घरात रेडिओ, दूरदर्शन संच, संगणक, दूरध्वनी, सायकल, मोटार आहे काय, अशी ही प्रश्नमाला होती. घरात पुस्तके आहेत काय, हे तिच्यात विचारलेले नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हळहळ वाटावी अशी ही गोष्ट आहे, पण त्याबद्दल जनगणना आयुक्तांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसरा टप्पा व्यक्तिगणनेचा. तो फेब्रुवारी २०११ मध्ये झाला, आणि मातृभाषेचा प्रश्न या दुसऱ्या तक्त्यात होता. म्हणजे घराची विचारपूस एका वर्षी, आणि त्या घरातील माणसांच्या भाषेची पुढच्या वर्षी वेगळ्या कागदावर.

घरयादीत कुटुंबाची जी व्याख्या वापरतात ती मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात शिजलेले अन्न खातात, ती मिळून एक कुटुंब. रक्ताचे नाते असलेच पाहिजे अशी अट नाही. मराठीत या संकल्पनेला फार जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे चूल. ‘भावांनी चूल वेगळी केली’ या वाक्यात वाटणी, रुसवा, सुनांचे न जमणे, थोरल्याचे म्हातारपण हे सारे सूचित होते. जनगणनेच्या दृष्टीने त्यात एवढेच घडलेले असते की, एका छपराखाली काल एक कुटुंब होते, आज दोन झाली. जुन्या रायपुरातील चौकाच्या घरात तीन चुली असू शकतात आणि नव्या वसाहतीतील दोन खोल्यांच्या सदनिकेत एकच. म्हणून घरांची संख्या आणि कुटुंबांची संख्या या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. २०११ मध्ये छत्तीसगढ राज्यात सुमारे ५६ लाख कुटुंबे आणि २ कोटी ५५ लाख माणसे होती, म्हणजे दर चुलीमागे सरासरी साडेचार माणसे. एवढ्या लहान कुटुंबात आजी-आजोबांना सरसकट जागा असणे शक्य नाही. भाषेच्या दृष्टीने ही बाब अतिशय महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे पुढे वळावे लागेल.

खोलीची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. किमान दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असून जिच्यात माणूस झोपू शकेल, ती राहण्याची खोली. नुसते स्वयंपाकघर, न्हाणीघर, कोठार आणि उघडी ओसरी या हिशेबात धरीत नाहीत. ओसरीला छत्तीसगढीत परछी म्हणतात, स्वयंपाकघराला रंधनी. कौलारू मातीच्या घरात, मग ते मराठ्याचे असो वा छत्तीसगढ्याचे, दिवसाचा मोठा भाग याच दोन जागांत जातो. आल्यागेल्याशी बोलणे ओसरीवर होते आणि ते रायपुरात बहुधा हिंदीत किंवा छत्तीसगढीत होते. मराठी असेल तर ती आतल्या चुलीपाशी टिकते. ज्या दोन जागांमधून भाषेची सीमा जाते, त्या दोन्ही जागा खोल्यांच्या गणनेतून वगळल्या जातात, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

घरयादीचे निष्कर्ष प्रसिद्ध होताना ते कुटुंबप्रमुखाच्या अनुसूचित जातीजमातीनुसार वेगळे करून दिले जातात, कारण तो प्रश्न घरयादीतच विचारलेला असतो. अनुसूचित जमातीच्या किती कुटुंबांना घरात पाणी मिळते, हे त्यामुळे सांगता येते. मराठी भाषक कुटुंबांना किती खोल्या आहेत, ती स्वतःच्या घरात राहतात की भाड्याच्या, हे सांगता येत नाही. भाषेची कोष्टके माणसे मोजतात. त्यांत स्त्रीपुरुष असतात, ग्रामीण-नागरी असा भेद असतो, दुभाषिकतेचा स्वतंत्र तक्ता असतो, पण चूल नसते. २०११ मध्ये छत्तीसगढात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख ४४ हजार लोक होते, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक. या आकड्यात एकेकट्या नोकरदाराचीही नोंद आहे आणि बारा माणसांच्या एकत्र कुटुंबाचीही, आणि आकड्याच्या पोटात त्या दोहोंत काही फरक उरत नाही.

आता मातृभाषेच्या व्याख्येकडे वळू. जनगणनेच्या सूचनांनुसार मातृभाषा म्हणजे त्या व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत असे ती. आई लहानपणीच वारली असेल, तर बालपणी घरात मुख्यतः जी बोलली जाई ती भाषा. तान्ह्या मुलांच्या बाबतीत आई सामान्यतः बोलते ती, आणि शंका आल्यास घरात मुख्यतः चालणारी. वाचताना ही व्याख्या निर्विवाद वाटते. रायपुरातील एखाद्या तीन पिढ्यांच्या घराला ती लावून पाहिली की तिच्यातील पेच लक्षात येतो. आजीचे लग्न नागपूरकडून झालेले, ती मराठीच बोलते. मुलगा घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलतो. सून बिलासपूरच्या मराठी घरातली, पण मुलांना शाळेत अडचण नको म्हणून ती त्यांच्याशी पहिल्यापासून हिंदीत बोलते. नातवंडे आजीला मराठीत उत्तरे देतात आणि आपसांत हिंदीत भांडतात. व्याख्या काटेकोर लावली तर नातवंडांची मातृभाषा हिंदी. प्रत्यक्षात गणक दारात उभा राहिल्यावर कुटुंबप्रमुख सर्वांच्या नावापुढे ‘मराठी’ असेच सांगण्याचा संभव अधिक. त्याच्या दृष्टीने तो बालपणीच्या संभाषणाचा अहवाल नव्हे, ती आपल्या घराण्याची ओळख आहे. उलट प्रकारही घडतो. हिंदी घरातून आलेली सून सासरची मराठी शिकून मुलांशी तीच बोलू लागली, तर व्याख्येप्रमाणे मुले मराठी ठरतात; व्याख्येत आईची स्वतःची मातृभाषा विचारलेलीच नाही, ती काय बोलते एवढेच विचारले आहे. आणि जिच्यामुळे असंख्य स्थलांतरित घरांत भाषा टिकते त्या आजीला व्याख्येत कोठेच स्थान नाही.

हा प्रश्न नेहमीच असा विचारला जात असे असेही नाही. १८९१ च्या जनगणनेत मातापित्यांची भाषा विचारली होती, १९०१ मध्ये नित्य वापरातील भाषा. वंशाची भाषा, व्यवहाराची भाषा आणि आईची भाषा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रायपूरसारख्या ठिकाणी तिन्हींची उत्तरे एकाच माणसाच्या बाबतीत वेगळी येऊ शकतात. त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करून मराठी ‘वाढली’ किंवा ‘घटली’ असे म्हणण्यापूर्वी त्या त्या वर्षी प्रश्न काय होता ते पाहिले पाहिजे.

येथे अमेरिकेतील पद्धतीशी तुलना उपयोगी पडते. त्या देशात काही हजार वस्तीच्या गावाचेही लोकसंख्या, कुटुंबे आणि घरे यांविषयीचे वर्णन एकत्र मिळते, कारण २००५ पासून पूर्ण प्रमाणात चालू असलेल्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेमध्ये घराचे आणि माणसांचे प्रश्न एकाच प्रपत्रात असतात. लहान गावांसाठी पाच वर्षांच्या पाहणीची सरासरी देतात. भाषेचा प्रश्न असा, की ही व्यक्ती घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलते काय, आणि बोलत असल्यास कोणती. बालपण नाही, आई नाही. आज घरात काय चालते तेवढेच. त्यामुळे तेथील एखाद्या उपनगरातील मराठी घर हे घर म्हणून नोंदीत येऊ शकते. अर्थात या पद्धतीचेही दोष आहेत. इंग्रजी ही गृहीत धरलेली भाषा असून इतर भाषा तिच्या तुलनेत ‘दुसऱ्या’ ठरतात, आणि संख्या लहान असल्याने प्रसिद्ध कोष्टकांत मराठीला नेपाळी व अन्य भारतीय आर्य भाषांबरोबर एकाच रकान्यात बसविलेले असते. तरीही भाषेचे एकक म्हणून घराचा विचार तेथे झाला आहे, आणि आपल्याकडे तो झालेला नाही, एवढे खरे.

रायपुरातील मराठी वस्ती कशी आली याचा इतिहास थोडक्यात सांगितला तरी पुरे, कारण तो पुष्कळ ठिकाणी आलेला आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली छत्तीसगढात उतरल्या. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून कारभार केला आणि दफ्तरात मराठी व मोडी रूढ झाली. पुढे सुभेदारी आली, कमाविसदार आणि फडणवीस आले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांच्या काळात मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. त्याची राजधानी नागपूर असल्याने वकील, मास्तर, कारकून आणि रेल्वेचे नोकर यांची ये-जा स्वाभाविक होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि एका प्रांतातील दुसरी भाषा असलेली मराठी येथे परप्रांतातील अल्पसंख्य भाषा झाली. माणसे जागची हलली नाहीत. त्यांच्या भाषेचा दर्जा बदलला. जवळच भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, आणि रोजगाराच्या ओढीने येणाऱ्यांमध्ये विदर्भातील कष्टकरी कुटुंबेही होती. रायपुरातील मराठी माणूस म्हणजे दफ्तरातला पांढरपेशा, असे जे चित्र संस्थांच्या स्मरणिकांतून उभे राहते, ते म्हणूनच अपुरे आहे. घरयादी आणि भाषा यांची कोष्टके जोडलेली असती तर या दोन थरांची घरे, त्यांची छपरे आणि त्यांचे नळ, यांतील अंतर दिसले असते.

साहित्याच्या दृष्टीने मातृभाषेच्या आकड्यांचा अर्थ किती मर्यादित आहे याची उदाहरणे याच परिसरात विपुल आहेत. छत्तीसगढातील हिंदी पत्रकारितेचा आरंभ ज्या मासिकापासून मानतात ते ‘छत्तीसगढ मित्र’ जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून निघाले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक, आणि रायपूरचे वामन बळिराम लाखे हे प्रकाशक. तिन्ही नावे मराठी. सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणले, हिंदी कथेच्या इतिहासात त्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि १९२६ मध्ये त्यांचे रायपुरातच निधन झाले. लाख्यांच्या नावाचे लाखेनगर शहरात आहे. मातृभाषेच्या रकान्यात हे तिघेही मराठी ठरले असते. वाङ्मयेतिहासात ते हिंदीचे आहेत. त्यांचे लेखन कोणत्याही एका साहित्याच्या हिशेबात संपूर्ण मावत नाही.

याहून बोलके उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. हे गाव रायपुरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर आधुनिक हिंदी कवितेतील त्यांचे स्थान अढळ झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतले कवी व समीक्षक. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाबद्दल त्यांना १९७९ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. एक आई, एक घर, बालपणीची एक भाषा, आणि तरी दोन भिन्न साहित्ये. जनगणनेची व्याख्या या दोघांना एकाच रकान्यात घालील आणि त्यात तिची काही चूक नसेल. चूक होईल ती त्या रकान्यावरून साहित्याचे अनुमान काढणाऱ्याची.

१९६१ पासून मातृभाषेखेरीज व्यक्तीला येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदविल्या जातात, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल हरिनाथ दे यांचे वडील रायपुरात वकिली करीत आणि हरिनाथांचे बालपण तेथे गेले. त्यांना चौतीस भाषा अवगत होत्या असे सांगतात. त्यांच्यासाठी गणकाला पुरवणी जोडावी लागली असती. सामान्य रायपूरकर मराठी माणसाच्या बाबतीत मात्र हे दोन रकाने पुरेसे ठरतात असेही नाही. हिंदी आणि इंग्रजी लिहिल्यावर जागा संपते, आणि बाजारात, शेतमजुराशी, घरकामाच्या बाईशी तो जी छत्तीसगढी बोलतो तिची नोंद राहून जाते. शिवाय छत्तीसगढी मातृभाषा सांगणारे १ कोटी ६२ लाख लोक २०११ च्या कोष्टकात हिंदीच्या पोटात गणले आहेत. हळबीची गोष्ट उलट. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात ती मराठीच्या प्रकरणात होती. आज बस्तर आणि भोवतालचे साडेसात लाखांहून अधिक हळबीभाषक जनगणनेत स्वतंत्र भाषेखाली मोजले जातात. ते योग्यच आहे. पण छत्तीसगढातील ‘मराठी’ किती, याचे उत्तर वर्गीकरणाच्या एका ओळीने किती बदलू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

हा सगळा ऊहापोह केवळ विद्वानांच्या वादापुरता नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क नुसार भाषिक अल्पसंख्य गटातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करणे ही राज्याची जबाबदारी आहे. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत त्यासाठी एका शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा विद्यार्थी अशी मर्यादा ठरली, आणि मातृभाषा कोणती हे पालक सांगतील ते ग्राह्य धरावे असेही ठरले. म्हणजे येथे चौथीच व्याख्या आली: आई काय बोलली ते नव्हे, घरात काय चालते तेही नव्हे, तर पालक काय जाहीर करतात ते. मुलांशी हिंदी बोलणारे पण गणकाला मराठी सांगणारे घर शाळेच्या अर्जावर काय लिहील, हे राज्याच्या दीड लाखाच्या आकड्यावरून कळत नाही. मराठीच्या वर्गासाठी दहा मुले एका मोहल्ल्यातून निघतील की नाही, हे त्या मोहल्ल्यातील चुली मोजल्यावाचून सांगता येणार नाही.

२०२१ ची नियोजित जनगणना वेळेवर होऊ शकली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे, आणि तिची रचनाही घरयादी व व्यक्तिगणना अशा दोन टप्प्यांचीच आहे. सरकारी कोष्टकांत ही जोड होईपर्यंत तात्यापाऱ्यातील एखाद्या गल्लीची, किंवा चौबे कॉलनीतील एखाद्या ओळीची, घरोघर पाहणी विद्यापीठाच्या भाषाविभागाला हाती घेता येण्यासारखी आहे. तिच्या प्रपत्रात भिंत, छप्पर, खोल्या आणि भाडे यांबरोबर आणखी काही रकाने लागतील: आजी या चुलीवर जेवते की वेगळ्या, नातवंडे तिच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, सून कोठली आणि ती मुलांना कोणत्या भाषेत रागावते, घरात येणारे वर्तमानपत्र कोणते, आणि मराठी पुस्तक शेवटचे कोणी उघडले.